पट्टी कोणती? : किराणा घराण्याच्या काही तबकड्यांची तुलना

एकाच रचनेची चार ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकायची आणि कोणते सरस यावर रात्र जागवायची, हा नाद पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रसिकांना फार जुना. आर्थर श्नाबेलने १९३२ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केलेला बेथोव्हेनचा पाचवा पियानो कॉन्चेर्टो, किंवा रखमनिनोव्हने १९२९ साली स्तोकोव्स्कीबरोबर स्वतःच वाजवलेला आपला दुसरा कॉन्चेर्टो, यांची पुढच्या प्रत्येक वादकाशी तुलना होते. ती होऊ शकते, कारण खाली एक छापील स्वरलिपी आहे. कोणता स्वर, किती मात्रा, कोणती पट्टी, सगळे ठरलेले. वादक बदलतो, कागद बदलत नाही. जुनी तबकडी चुकीच्या गतीने फिरली तरी कान असलेला माणूस लगेच ओळखतो, कारण पाचवा कॉन्चेर्टो ई फ्लॅटमध्येच लागला पाहिजे. नाही लागला, तर दोष यंत्राचा.

आपल्याकडे हा खेळ खेळायला बसलो की पहिल्याच डावात अडते. आपल्याकडे कागद नाही.

गेली काही वर्षे मी किराणा घराण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका अशा शेजारी ठेवून ऐकतो आहे. काही जुन्या बाजारात रविवारी पायपीट करून मिळवलेल्या, काही स्नेह्यांकडून उसन्या आणलेल्या, बऱ्याचशा कॅसेट आणि सीडीवर. किराणा निवडण्याचे कारण साधे आहे. हे घराणे कैरानाहून आले तरी त्याचा संसार आपल्याच मुलखात, मिरज, धारवाड, हुबळी, पुणे या पट्ट्यात मांडला गेला. अब्दुल करीम खाँसाहेबांचे आर्य संगीत विद्यालय पुण्यात होते. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, भीमसेन जोशी यांचे पुणे हेच गाव. आणि दुसरे कारण म्हणजे गुरू, शिष्य आणि नातशिष्य अशा तिन्ही पिढ्या तबकड्यांवर सापडतात. हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला आलेले नाही. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापणाऱ्या भास्करबुवा बखल्यांचे गाणे आपल्याला फक्त आठवणींत वाचावे लागते.

तर खाँसाहेब. जन्म १८७२, मृत्यू १९३७. त्यांनी तबकड्या दोन वेळा दिल्या. एकदा विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, भोंग्यासमोर गाऊन. आणि दुसऱ्यांदा थेट आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत, ओडियन कंपनीसाठी, मायक्रोफोनसमोर. आपण ज्या ऐकतो त्या बहुतेक या दुसऱ्या खेपेच्या. झिंझोटीतली ‘पिया बिन’, भैरवीतली ‘जमुना के तीर’, जोगियातली ‘पिया के मिलन की आस’, ‘मानापमाना’तले देवगंधारातले ‘चंद्रिका ही जणू’. म्हणजे ज्या आवाजाला आपण ‘किराण्याचा मूळ आवाज’ म्हणतो, तो साठी ओलांडलेल्या माणसाचा आहे.

ही गोष्ट मला वाटते त्याहून जास्त महत्त्वाची आहे. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, खाँसाहेबांकडे शिकले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्या वेळी गुरू तिशीत होते. रामभाऊंच्या कानात जो गळा बसला तो ह्या ओडियनच्या तबकड्यांतला नव्हे. आणि सवाई गंधर्वांच्या एचएमव्हीच्या तबकड्या पाहाव्यात तर त्याही जवळपास त्याच काळातल्या, पन्नाशीच्या आसपासच्या गायकाच्या. गुरू-शिष्यांत वयाचे अंतर चौदा वर्षांचे, पण तबकड्यांत ते जणू समकालीन. आपण एक ऐकून म्हणतो ‘हे मूळ’, दुसरी ऐकून म्हणतो ‘हा त्याचा विस्तार’. कालक्रम आपण आपल्या मनाने लावलेला असतो.

आता पट्टीचा प्रश्न. खाँसाहेब उंच पट्टीत गात, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या आवाजाचे वर्णन करताना ‘बारीक’, ‘तारेसारखा’, ‘अनुनासिक’ हे शब्द हटकून येतात. पण ही वर्णने नव्या पिढीतल्या लेखकाने कशावरून केली? तबकडीवरून, आणि तबकडीपेक्षाही तबकडीच्या नकलेवरून. माझ्याकडे ‘जमुना के तीर’ दोन ठिकाणी आहे, एका रस्त्यावरच्या कॅसेटवर आणि एका सीडीवर. दोन्ही एकदम लावल्या तर तंबोरे जुळत नाहीत. कॅसेटवरचे खाँसाहेब वरच्या पट्टीत, आवाज अधिक पातळ आणि लय थोडी घाईची.

यामागचा हिशेब सोपा आहे. आपण सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ म्हणतो, पण ग्रामोफोनच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच कोरल्या जात असे नाही. मुद्रणयंत्र वजनाच्या ओढीवर चाले, आणि गती सत्तरच्या आतबाहेरपासून ऐंशीच्या पुढेही जाई. विजेच्या मुद्रणानंतर बरीच शिस्त आली, तरी पुढे एल.पी., कॅसेट, सीडी अशा प्रत्येक उतरंडीवर पुन्हा घसरायला जागा होतीच. समजा, ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी कोणी ७८ने फिरवली. सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. साडेतीन मिनिटांच्या गाण्यातले अकरा सेकंद गळून जातात. आणि नुसती पट्टी वाढून थांबत नाही, गळ्याचा पोतच बदलतो, कारण घशातली आणि नाकातली गुंजनेही त्याच प्रमाणात वर सरकतात. लहान मुलाचा नाही, पण बारीक आवाजाचा एक वेगळाच माणूस गाऊ लागतो.

पियानोवाल्यांना इथे स्वरलिपी वाचवते. आपण काय करावे? मी दोन गोष्टी करून पाहतो. एक, तबकडीच्या आरंभीचा षड्ज आणि शेवटचा षड्ज ताडून बघायचा. मुद्रणाच्या वेळी यंत्राची गती ढळली असेल तर तीन मिनिटांत सा सरकलेला सापडतो. दुसरी, जिथे पेटीची साथ आहे तिथे पेटीचा कान धरायचा. गवई कुठेही षड्ज लावू शकतो, पेटीच्या पत्त्या तसे करू शकत नाहीत. पेटी दोन पट्ट्यांच्या मधोमध वाजते आहे असे दिसले की यंत्रावर संशय घ्यावा. जुन्या पेट्या आजच्या मापाला बांधलेल्या नसत, म्हणून हा पुरावा संशयापुरताच. त्यावरून निकाल देऊ नये.

यातली गंमत अशी की, हयातीत ज्याचे सूर शास्त्रीय काटेकोरपणे मोजले गेले असा गवई शोधायचा झाला तर पहिले नाव अब्दुल करीम खाँ यांचेच येईल. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांच्या आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनाला खाँसाहेबांनी आपला गळा दिला होता. त्यातून निघालेली श्रुतींची पेटी १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत वादाचा विषय झाली, आणि भातखंड्यांचे तिच्याशी काही जमले नाही. तो वाद इथे उकरत नाही. माझा मुद्दा एवढाच की, ज्यांच्या गंधाराची जागा तारेवर मापून ठेवली त्यांचा षड्ज मात्र आपण कॅसेटवाल्याच्या मर्जीवर सोडून दिला.

पण याच विचाराची दुसरी बाजू सुखाची आहे. गती चुकली तरी ती सारखी चुकत असेल तर सगळे सूर एकाच प्रमाणात सरकतात. षड्ज आणि गंधार यांचे आपसातले नाते जसेच्या तसे राहते. म्हणजे जोगियातला कोमल ऋषभ खाँसाहेब कुठे लावतात, किती हलवतात, षड्जाला कसा टेकवतात, हे वाईटातल्या वाईट कॅसेटवरूनही खात्रीने सांगता येते. त्यांच्या सुरेलपणाबद्दल जे जे लिहिले गेले ते शाबूत आहे. आवाजाच्या जातीबद्दल आणि लयीबद्दल जे लिहिले गेले त्यातले बरेचसे मात्र पुन्हा तपासावे लागेल.

हे पथ्य पाळून आता तुलना करून पाहू. जोगियातली तीच चीज भीमसेनजींनीही ध्वनिमुद्रित केली आहे, आणि घराण्याच्या चाहत्यांत या दोहोंवरून आजही दोन तट पडतात. खाँसाहेबांच्या तबकडीत वेळ नाही. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, त्यात स्थायी, अंतरा, सरगम सगळे बसवायचे. तरीही घाई कुठे जाणवत नाही, कारण ते एकेका सुराला जेवढा अवकाश देतात तेवढा पुढे तासभर गाणाऱ्यांनाही देता आलेला नाही. शब्द पुसट होत जातात. ‘आस’ हा शब्द उरत नाही, नुसता आकार उरतो. भीमसेनजींना एल.पी.मुळे ऐसपैस जागा मिळाली आणि त्यांनी ती भरली. त्यांचा जोगिया खर्जातून उभा राहतो, श्वास मोठा, आर्जवाच्या जागी मागणी. मला विचाराल तर मी रात्री खाँसाहेब ऐकतो आणि मित्रांना ऐकवायचे झाले की भीमसेन लावतो. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, पण एवढे मात्र म्हणेन की, कोमल ऋषभावरचे काम दोघांचे एकच आहे. तिथे नातशिष्य आजोबांच्या बोटाला धरून चालतो. मध्ये सवाई गंधर्व नसते तर हे केवळ तबकडी ऐकून आले असते का, याची मला शंका आहे.

शंका अशासाठी की केवळ ऐकून काय येते याचा नमुनाही आपल्यासमोर आहे. झिंझोटीतली ‘पिया बिन’ कुंदनलाल सैगलांनी न्यू थिएटर्सच्या हिंदी ‘देवदास’मध्ये गायली. सैगल खाँसाहेबांचे शिष्य नव्हते. झिंझोटीचा जीव मंद्र धैवतापासून मध्य गंधारापर्यंतच्या टापूत आहे, आणि सैगलांचा खालचा, किंचित धूसर आवाज त्या टापूत घरच्यासारखा वावरतो. त्यांनी सरगम टाळली, फिरत टाळली, शब्द मात्र लख्ख ठेवला. खाँसाहेबांकडे जो शब्द विरघळतो तो सैगलांकडे गाण्याचा मालक होतो. तबकडीवरून त्यांनी भाव घेतला, चाल घेतली. सूर लावण्याची रीत घेतली नाही, आणि घेण्याचा आवही आणला नाही. याच ठुमरीची तबकडी लहानपणी दुकानात ऐकून भीमसेन गाण्यासाठी वेडे झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तबकडी ऐकून ते तबकडीसमोर बसून राहिले नाहीत. ती उत्तम गुरूच्या शोधाची नांदी ठरली.

हिराबाईंबद्दल स्वतंत्र लेख हवा. आई-वडील वेगळे झाल्यावर मुले ताराबाईंकडे राहिली. जन्मदात्याची तालीम त्यांना पुरती लाभली नाही, तरी त्यांच्या तबकड्यांतला षड्ज ऐकताना वंश लपत नाही. हा वारसा रक्ताचा म्हणावा, वहीद खाँ आणि सुरेशबाबूंच्या तालमीचा म्हणावा, की घरात खुंटीवर टांगलेल्या तंबोऱ्याचा? माझा कल तालमीकडे आहे.

राहता राहिली सवाई गंधर्वांची भैरवी. १९५२ साली ते गेले आणि पुढच्या वर्षीपासून पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. वर्षानुवर्षे त्याची सांगता एका ठरलेल्या रीतीने होत आली. शेवटचे गायन संपते, आणि मग ध्वनिक्षेपकावरून त्यांचीच ‘बिन देखे’ ही भैरवीतली तबकडी लावली जाते. हजारो माणसे, काही उभी, काही सतरंज्या गुंडाळता गुंडाळता थबकलेली, एक जुने, खरखरणारे ध्वनिमुद्रण निमूटपणे ऐकतात. एरवी मैफिलीनंतर तबकडी ऐकणे म्हणजे जेवणावर शिळे खाणे. इथे तसे वाटत नाही. आधी भीमसेनजी आणि नंतरच्या काळात प्रभाताई अत्रे यांनी लावलेला षड्ज मांडवात अजून घुमत असे आणि त्यावर हा दुसराच षड्ज येऊन बसे. मी एकदा खिशात स्वरपट्टी घेऊन गेलो होतो. भैरवी सुरू झाली तशी ती बाहेर काढायचे सुचले नाही.