विल्यम पॉलेट, विंचेस्टरचा पहिला मार्क्वेस

विल्यम पॉलेट, विंचेस्टरचा पहिला मार्क्वेस (जन्म: इ.स. १४८४च्या सुमारास - मृत्यू: १० मार्च, इ.स. १५७२) हा ट्यूडर काळातील इंग्लिश सरदार व प्रशासक होता. आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, पहिली मेरी आणि पहिली एलिझाबेथ या चार राज्यकर्त्यांच्या अमदानीत त्याने उच्च पदे भूषविली. इ.स. १५५० पासून मृत्यूपर्यंत तो लॉर्ड ट्रेझरर, म्हणजे राजकोषाचा प्रमुख होता. या २२ वर्षांत राज्याचा अधिकृत धर्मपंथ दोनदा बदलला आणि त्याच्या अनेक सहकाऱ्यांचा शिरच्छेद झाला. पॉलेटचे पद मात्र अबाधित राहिले.

आठव्या हेन्रीचा काळ

हॅम्पशायरमधील जमीनदार घराण्यात जन्मलेल्या पॉलेटने त्या परगण्याचा शेरीफ म्हणून कारकिर्दीला सुरुवात केली. इ.स. १५३२मध्ये तो राजवाड्याचा हिशेबनीस झाला. इ.स. १५३५मध्ये सर टॉमस मोर याच्यावरील खटल्याच्या न्यायमंडळात त्याचा समावेश होता. इ.स. १५३९मध्ये त्याला बॅरन सेंट जॉन हा किताब मिळाला.

सहाव्या एडवर्डचा काळ

इ.स. १५४७मध्ये नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला व सत्ता त्याचा मामा ड्यूक ऑफ सॉमरसेट याच्या हाती गेली. इ.स. १५४९मध्ये पॉलेटने सॉमरसेटचा प्रतिस्पर्धी जॉन डडली याची बाजू घेतली. त्यानंतर त्याला राजकोषाचे प्रमुखपद आणि इ.स. १५५१मध्ये मार्क्वेस हा किताब मिळाला. त्याच वर्षी सॉमरसेटवरील खटल्यात तो मुख्य न्यायाधीश होता.

वारसाहक्काचा पेच

६ जुलै, इ.स. १५५३ रोजी एडवर्डचा मृत्यू झाला. डडलीने आपली सून लेडी जेन ग्रे हिला राणी घोषित केले. पॉलेटने या योजनेवर स्वाक्षरी केली होती व जेनपुढे राजमुकुटही आणला होता. परंतु मेरीला वाढता पाठिंबा मिळताच त्याने अन्य मंत्र्यांसह पक्ष बदलला. १९ जुलै रोजी लंडनमध्ये मेरीच्या नावाची द्वाही फिरवण्यात आली. पुढे डडली व जेन या दोघांचाही शिरच्छेद झाला. पॉलेट मात्र मेरीचाही राजकोषप्रमुख राहिला.

आर्थिक सुधारणा

इ.स. १५५४मध्ये मठांच्या जप्त जमिनींचे उत्पन्न सांभाळणारे स्वतंत्र खाते मुख्य राजकोषात विलीन करण्यात आले. इ.स. १५५८च्या नव्या दरपत्रकाने मालाच्या जुन्या, कमी किमती वाढवल्या व जकातीच्या उत्पन्नात मोठी भर पडली. या दोन्ही कामांत पॉलेटचा प्रमुख वाटा होता. ही व्यवस्था एलिझाबेथलाही उपयुक्त ठरली.

मूल्यमापन

इतक्या उलथापालथीत कसे टिकलात, असे विचारले असता आपण ओक नसून लवचिक विलो वृक्षापासून घडलो आहोत, असे उत्तर त्याने दिल्याची आख्यायिका आहे. त्यामुळे संधिसाधू अशी त्याची प्रतिमा रूढ झाली. तथापि इ.स. १५५९मध्ये प्रोटेस्टंट उपासनापद्धती सक्तीची करणाऱ्या कायद्याविरुद्ध त्याने उमराव सभागृहात मत दिले व तरीही एलिझाबेथने त्याला पदावर कायम ठेवले. केवळ नमते घेण्याच्या वृत्तीने या घटनेचा उलगडा होत नाही. राज्यकर्ता कोणत्याही पंथाचा असला, तरी त्याला राजकोष जाणणारा प्रशासक हवा होता. पॉलेटच्या पश्चात हे पद विल्यम सेसिल याच्याकडे गेले.