छत्तीसगड : मतदारांनी परत बोलावलेले नगराध्यक्ष

रायपूर : जागतिक नेत्यांना फेरीगणिक बाद करणाऱ्या ऑनलाइन खेळात कोणाचीही खुर्ची जात नाही. छत्तीसगडमध्ये २००८ साली मात्र राजपूर (तत्कालीन सरगुजा जिल्हा), गुंडरदेही व नवागढ येथील नगराध्यक्षांना मतदारांनी मुदतीपूर्वीच पदच्युत केले. नगरपालिका अधिनियम, १९६१ च्या कलम ४७ मधील तरतुदीनुसार हे मतदान झाले. त्यासाठी किमान तीन-चतुर्थांश निर्वाचित नगरसेवकांच्या स्वाक्षरीचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे सादर करणे आवश्यक होते. पदग्रहणानंतर पहिली दोन वर्षे असा प्रस्ताव आणता येत नसे. अंतिम कौल मतदारांचा असला तरी प्रारंभ नगरसेवकांच्या हाती होता, ही या तरतुदीची मोठी मर्यादा. शेजारच्या मध्य प्रदेशात अशा मतदानासाठी ‘भरलेली खुर्ची’ आणि ‘रिकामी खुर्ची’ ही चिन्हे वापरली जातात. खासदार व आमदारांना परत बोलावण्याची तरतूद देशात नाही.