टोकियोच्या सहलींचा नकाशा कुणी आखला?

(१)
इ.स. १७०२. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, चाकरीला असलेली ओतामा नावाची एक तरुण मुलगी घरच्या ओढीने इझू द्वीपकल्पाकडे निघाली. जवळ परवाना नव्हता. हाकोनेचा नाका चुकवून डोंगरातून जाताना ती पकडली गेली आणि तिला देहदंड झाला. हाकोनेच्या जुन्या डोंगरवाटेजवळचे एक लहानसे तळे आजही ‘ओतामागाइके’, म्हणजे ओतामाचे तळे, या नावाने ओळखले जाते.

(२)
आज त्याच हाकोनेला टोकियोचे लोक शनिवारी जातात, गरम पाण्याच्या झऱ्यांत स्नान करतात आणि रविवारी रात्री घरी परततात. जेथे विनापरवाना पाऊल टाकणे प्राणावर बेतत होते, तेथे दोन दिवसांची सहल कशी रुजली? हा थ्रेड त्या प्रवासाचा.

(३)
१६०३मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन झाला आणि एदो सत्तेचे केंद्र बनले. १६३५मध्ये त्याचा नातू इएमित्सू याने सरदारांसाठी नियम पक्का केला: आलटून पालटून काही काळ एदोत आणि काही काळ आपल्या मुलखात राहायचे. बायकामुलांनी मात्र कायम एदोतच राहायचे. नाव निवासाचे, व्यवहार ओलिसांचा.

(४)
म्हणून नाक्यांवर दोन गोष्टींवर करडी नजर असे: एदोत येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया. सरदाराने बायको गुपचूप गावी हलवली, तर पुढचे पाऊल बंडाचे, असा हिशेब होता. १६१९मध्ये स्थापन झालेल्या हाकोनेच्या नाक्यावर स्त्रियांची झडती घेण्यासाठी खास स्त्रिया नेमलेल्या असत. परवान्यातील वर्णन आणि समोरची स्त्री जुळते की नाही, हे त्या केसांच्या ठेवणीपर्यंत तपासत. ओतामा कोणत्याही सरदाराच्या घरची नव्हती. पण नियम तिच्यासाठीही तोच होता.

(५)
सामान्य माणसालाही दूरच्या प्रवासासाठी परवाना लागे. पेशवाईच्या कागदपत्रांत ज्याला ‘दस्तक’ म्हटले आहे, त्याच जातीचा हा कागद. तो गावचा मुखिया किंवा मंदिराचा पुरोहित देई. त्यावर प्रवासाचे कारण नोंदवावे लागे आणि सर्वमान्य कारणे दोनच: देवदर्शन आणि औषधी स्नान. मौज हे कारण कागदावर चालण्यासारखे नव्हते. त्यामुळे मौजेने देवाचे बोट धरले.

(६)
आता नकाशा पाहावा. एदोतून पश्चिमेकडे जाणारा तोकाइदो हा राजमार्ग हाकोनेच्या घाटात नाक्यापाशी अडतो. त्या नाक्याच्या अलीकडे काय उरते? ओयामा पर्वत, एनोशिमा बेट, कामाकुराची प्राचीन मंदिरे. चालत गेले तर तीन-चार दिवसांत जाऊन येण्याजोगी ठिकाणे, आणि वाटेत मोठा नाका नाही. अठराव्या शतकात सुमारे दहा लाख वस्तीच्या शहराला मोकळा श्वास घ्यायला सत्तेने सोडलेली जागा ती हीच.

(७)
यांत पुरुषांचे लाडके ठिकाण ओयामा. उंची १,२५२ मीटर, एदोपासून अंतर सुमारे ७० किलोमीटर. शेतकऱ्यांचा हा पावसाचा डोंगर. एदोत तो सुतार, गवंडी, अग्निशामक दलातील गडी अशा अंगमेहनत करणाऱ्यांचा झाला. आधी सुमिदा नदीत र्‍योगोकु पुलाजवळ थंड पाण्याने शुद्धिस्नान करायचे, मग देवाला वाहायची लाकडी तलवार खांद्यावर घेऊन निघायचे. काही तलवारी इतक्या लांब असत की त्या उचलायला अनेक जण लागत.

(८)
शिखर खुले असे ते जुन्या पंचांगाप्रमाणे सहाव्या महिन्याच्या २७ तारखेपासून सातव्या महिन्याच्या १७ तारखेपर्यंत. याच काळात सहामाही उधारी चुकती करण्याचा दिवस येई. दुकानदार वसुलीला दारात उभा आणि गिऱ्हाईक देवदर्शनाला डोंगरावर, यावर एदोतील लोक भरपूर विनोद करत. देवाने अनेकांना पापांतून नाही तरी सावकारातून काही दिवस सोडवले.

(९)
खर्च कसा भागे? आपल्याकडील भिशीसारखी ‘को’ नावाची मंडळे असत. गल्लीतील वा धंद्यातील लोक नियमित वर्गणी जमवत. कधी सगळे मिळून जात, कधी चिठ्ठी टाकून निवडलेले काही जण सर्वांच्या वतीने दर्शन घेऊन येत. डोंगराच्या पायथ्याशी ‘ओशी’ त्यांची सोय करत. हे आपल्या क्षेत्रोपाध्यायांसारखेच: यजमान ठरलेले, मुक्काम त्यांच्याच घरी, आणि वर्षातून एकदा ते स्वतः शहरात येऊन यजमानांना अंगारा-ताईत द्यावेत तसे देवाचे प्रसादचिन्ह देऊन जात.

(१०)
दर्शन झाले की परतीची वाट मुद्दाम लांबवली जाई. फुजिसावा या टप्प्याच्या गावी सराया होत्या आणि सरायांत ‘मेशिमोरी’, म्हणजे जेवण वाढणाऱ्या, स्त्रिया होत्या. प्रत्यक्षात त्यांच्याकडून वेश्याव्यवसाय करवून घेतला जाई. घरच्यांनी घेतलेल्या उचलीपोटी त्यांतील अनेक जणी बांधलेल्या असत. १७१८मध्ये शासनाने एका सराईत अशा दोघींचीच मर्यादा घातली. ती वारंवार मोडली गेली. पुरुषांच्या सहलीचा आनंद सांगताना या स्त्रियांना वगळून चालणार नाही. त्या वाटेवरच राहत होत्या, पण प्रवासी नव्हत्या.

(११)
ओयामाच्या वरच्या भागात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. अर्ध्या वाटेवरून परत फिरावे लागे. एनोशिमाची गोष्ट वेगळी. हे छोटे बेट ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्याने किनाऱ्याला जोडले जाई. तेथील देवी बेंझाइतेन. हातात वीणेसारखे वाद्य, विद्या-कलांची आणि पाण्याची देवता. भारतीय वाचकाने तिला लगेच ओळखावे: ही बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली सरस्वती.

(१२)
संगीताची देवी म्हटल्यावर एदोतील गायन-वादन शिकवणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या शिष्या तिच्या भक्त झाल्या. एरवी बंद असलेली मूर्ती ठराविक वर्षांनी दर्शनासाठी खुली होई, तेव्हा त्या जथ्याने येत. हिरोशिगेने १९व्या शतकाच्या मध्यास केलेल्या एका प्रसिद्ध चित्रात अशा स्त्रियांचे मेळे वाळूतून बेटाकडे निघालेले दिसतात. प्रत्येक मेळ्याच्या छत्र्या एकसारख्या, त्यांवर आपापल्या संगीतपरंपरेचे चिन्ह. नाक्यावर झडती नाही, डोंगरावर बंदी नाही. त्या काळी एदोतील स्त्रीला इतके खुले आकाश फार थोड्या ठिकाणी मिळत होते.

(१३)
कधी देवच शहरात येई. पूर्वेकडील नारिताच्या शिंशो-जी मंदिरातील फुदो (संस्कृत नाव अचल) या देवतेची मूर्ती १७०३मध्ये एदोच्या फुकागावा भागात दर्शनासाठी आणली गेली. काबुकीचा नामांकित नट इचिकावा दान्जुरो पहिला याने त्याच सुमारास या देवतेवरचे नाटक रंगवले. त्याच्या घराण्याला आजही ‘नारिताया’ म्हणतात. पुढे नारिताची वारी करणाऱ्या एदोवासीयांची रीघ लागली, त्यामागे या नाटकाच्या प्रसिद्धीचाही वाटा होता.

(१४)
औषधी स्नानाचा पडदाही असाच विरत गेला. उपचार म्हणजे सात दिवसांचा एक फेरा, असे तीन फेरे, हा रिवाज. पण तोकाइदोने जाणारे लोक हाकोने-युमोतो येथे एकच रात्र उतरू लागले. युमोतो नाक्याच्या अलीकडे आहे. ओदावारा आणि हाकोने या अधिकृत मुक्कामांचे गिऱ्हाईक तुटू लागले, तेव्हा त्यांनी १८०५मध्ये शासनाकडे तक्रार केली: ही आजाऱ्यांची जागा, वाटसरूंनी येथे एका रात्रीपुरते का उतरावे? निकाल युमोतोच्या बाजूने लागला. ‘एका रात्रीचे औषधी स्नान’ मान्य झाले. आजार दाखवण्याची गरज संपली आणि एका मुक्कामाची सहल कायद्याच्या चौकटीत आली.

(१५)
याच काळात प्रवासाची पुस्तके खपू लागली. १८०२पासून जिप्पेन्शा इक्कूची तोकाइदोवरील विनोदी कथामाला निघाली. १८१०मध्ये यासुमी रोआनने प्रवाशांसाठी ६१ सूचना असलेली पुस्तिका काढली. १८३४ ते १८३६ या काळात एदो आणि परिसरातील प्रेक्षणीय स्थळांचा मोठा सचित्र ग्रंथ आला, ज्यावर साइतो घराण्याच्या तीन पिढ्या खपल्या. देवाचे नाव अजून होते. पण वाचकाला हवी होती वाट, पदार्थ आणि देखावे.

(१६)
शोगुनशाही संपली आणि बंधने झपाट्याने गळाली. १८६९मध्ये नाके रद्द झाले. १८७२मध्ये पवित्र डोंगरांवरील स्त्रियांची प्रवेशबंदी शासनाने उठवली. त्याच वर्षी शिंबाशी ते योकोहामा ही पहिली रेल्वे धावली. १८७६मध्ये सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी आणि शनिवारी अर्धा दिवस काम असा नियम झाला. ‘वीकेंड’ जपानमध्ये अवतरला तो असा, सरकारी हुकमाने.

(१७)
गंमत म्हणजे हद्द गेली नाही, तिचे गिऱ्हाईक बदलले. योकोहामात राहणाऱ्या परदेशीयांना तहानुसार सुमारे दहा ‘री’, म्हणजे ४० किलोमीटर, इतकेच मोकळे फिरता येई. कामाकुरा आणि एनोशिमा त्या वर्तुळात होते, हाकोने बाहेर. तेथे जायला त्यांना परवाना काढावा लागे. हे बंधन १८९९पर्यंत टिकले.

(१८)
रेल्वे कंपन्यांना प्रवासी शोधावे लागले नाहीत. वाटा पावलांनी आधीच मळल्या होत्या. कामाकुराला १८८९मध्ये गाडी पोहोचली. एनोशिमाकडे जाणारी छोटी एनोदेन १९०२मध्ये सुरू झाली, केइसेई १९२६मध्ये नारिताला पोहोचली. १९२७ची ओदाक्यू ओयामाच्या पायथ्याजवळून ओदावाराला गेली, १९२९मध्ये तिची शाखा एनोशिमाला. १९३१मध्ये ओयामावर केबल कार चढली. १९३५मध्ये ओदाक्यूने शनिवारी शिंजुकूहून सुटणारी, हाकोनेच्या झऱ्यांसाठीची खास जलद गाडी सुरू केली.

(१९)
आज टोकियोच्या स्थानकांत लागलेले सहलींचे फलक पाहिले, तर बहुतेक नावे हीच दिसतात. ती निव्वळ सृष्टिसौंदर्यामुळे निवडली गेलेली नाहीत. कोठे नाका होता, कोठे नव्हता, कोणाला डोंगर बंद होता आणि कोणाला बेट खुले होते, यांवरून ती ठरली. गाडी फक्त नंतर आली.

(२०)
हाकोनेचा नाका पुरातत्त्वीय उत्खनन आणि जुन्या कागदपत्रांच्या आधारे पुन्हा उभारला असून २००७पासून तो पाहता येतो. तेथे तिकीट काढून आत जाणाऱ्यांत कितीतरी तरुण मुली असतात, एकट्याने आलेल्या. त्यांच्याकडे प्रवासाचे कारण कुणी विचारत नाही. तेथून थोड्या अंतरावर, डोंगरातल्या झाडीत, ओतामाचे तळे आहे.