जरीची राख

विरलेली जरीची लुगडी विकत घेणारा मनुष्य हातमागांच्या खटखटीतून हाळी देत सोलापूरच्या भवानी पेठेतून जात असे, त्या काळी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चढविलेली चांदी, हे कोणास समजावून सांगावे लागत नसे. चांदीची तार जंत्रीच्या उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढावी, ठोकून चपटी करावी, रेशमाभोवती गुंडाळावी आणि तिला सोन्याचा मुलामा द्यावा, असा त्या कसबाचा दस्तुर होता. 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि तेलुगू मुलखातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापूरच्या पेठा गजबजल्या. तरी लुगड्याच्या काठापदराची जर सुरतेहून येई.

लुगडे विटले तरी जरीचे मोल विटत नसे. काठ कापून लोखंडी कढईत जाळीत, राख पाण्यात धूत, खाली राहिलेला ऐवज टाकणखार घालून मुशीत आटवीत. धाग्यावर केसासारखी पसरलेली चांदी 962 अंशांना वितळताच आपली सारी पसरण विसरून एकत्र येई आणि तिचा टपोरा मणी होई. सावकाश तापविलेल्या धातूचा हा स्वभाव सोनारास वरदान वाटे. शास्त्रज्ञास मात्र तोच अडथळा ठरला.

1991 मध्ये जपानच्या सुमिओ इजिमांनी ज्यांच्याकडे जगाचे लक्ष वेधले, त्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर धातूचे कण बसवावयाचे, तर ते मण्यासारखे गोळा होऊन चालत नाही; कण जितके बारीक, तितका त्यांचा उघडा पृष्ठभाग अधिक, आणि रासायनिक क्रियेला चालना देण्याची त्यांची मातब्बरी त्याच पृष्ठभागात असते. 2002 मध्ये केरळचे पुलिकेल अजयन आणि त्यांचे सहकारी यांनी एकपदरी नळ्यांचा भुसभुशीत पुंजका कॅमेऱ्याच्या फ्लॅशसरशी पेट घेतो, हे प्रसिद्ध केले. काळ्याकभिन्न नळ्या प्रकाश पिऊन क्षणात तापतात. तो क्षण आवरता घेतला, तर नळीवर आधी लेपलेल्या धातूच्या क्षाराचे विघटन होऊन धातू सुटतो आणि कणांस एकमेकांकडे सरकण्याची सवड मिळण्यापूर्वीच सारे थंड होते. कढईस जी फुरसत होती, ती येथे मुद्दाम हिरावून घ्यावयाची, एवढीच काय ती हिकमत!

हाळी देणारा आता क्वचितच दिसतो. मागे एकदा तो दारी आला, तेव्हा त्याने काठाची एक तार उपसून काडीच्या ज्योतीवर धरली. तार आक्रसली, उग्र वास सुटला आणि टोकाशी प्लॅस्टिकचा काळा मणी जमला. त्याने लुगडे घडी करून परत दिले.