ताळेबंद बंद होते तेव्हा

शेअरचा चार्ट उद्याचा भाव सांगतो, अशी समजूत आज घरोघरी झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये ही विद्या उभी राहिली ती मात्र दुसऱ्याच गरजेतून. कंपन्या हिशेब दाखवत नव्हत्या, तेव्हा धंद्याची प्रकृती भावावरून ओळखण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८६६ मध्ये तिथल्या शेअर बाजाराने माहिती मागितली, तर डेलावेअर, लॅकावॅना अँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने आपण अहवाल वगैरे काढत नाही, असे सरळ कळवून टाकले. पुढच्याच वर्षी एडवर्ड कॅलहन यांचे टिकर यंत्र आले आणि कागदाच्या अरुंद पट्टीवर सौद्यांचे भाव दलालांच्या कचेऱ्यांत उतरू लागले. ताळेबंद कुलपात आणि भाव चव्हाट्यावर, अशा बाजारात अभ्यासू माणसांनी भावाचाच अभ्यास मांडला, तो योग्यच होता.

त्या अभ्यासाला शिस्त लावली चार्ल्स डाऊ या पत्रकाराने. २६ मे १८९६ रोजी त्यांनी साखर, तंबाखू, चामडे, रबर, गॅस अशा उद्योगांतल्या बारा कंपन्यांच्या भावांची बेरीज करून तिला बाराने भागले. उत्तर आले ४०.९४. गणित शाळकरी, पण त्यामुळे एखाद्या शेअरची उसळी बाजूला पडून साऱ्या बाजाराची चाल दिसू लागली. भरती कुठवर आली हे पाहायला किनाऱ्यावर काठ्या रोवणाऱ्या माणसाचा दाखला डाऊ यांनी दिला आहे. त्यांच्या परंपरेतला सर्वांत महत्त्वाचा नियम मला दोन सरासऱ्यांचा वाटतो: कारखान्यांची सरासरी चढली तरी रेल्वेच्या सरासरीने दुजोरा दिल्याशिवाय तेजी खरी मानायची नाही. माल खरोखर बनत आणि खपत असेल, तर तो रेल्वेने जाणारच. म्हणजे आलेखाच्या मुळाशी गोदाम आणि मालगाडी होती. डाऊ १९०२ मध्ये वारले. त्यांच्या नावाचा सिद्धांत इतरांनी त्यांच्या अग्रलेखांतून बांधला.

चार्ट भाकितासाठी नव्हता, यावर आक्षेप येईल की ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे संपादक विल्यम हॅमिल्टन यांनी याच सिद्धांताच्या आधारे २५ ऑक्टोबर १९२९ च्या अग्रलेखात तेजी संपल्याचे सांगितले, आणि चारच दिवसांत बाजार कोसळला. मग हे भाकीत नाही तर काय? पण एका अग्रलेखावर निकाल देता येत नाही. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड काउल्स यांनी १९३३ मध्ये हॅमिल्टन यांचे सव्वीस वर्षांचे लेखन तपासले. बाजाराची दिशा बदलल्याचे त्यांनी नव्वद वेळा सांगितले होते. पंचेचाळीस वेळा खरे ठरले, पंचेचाळीस वेळा खोटे. त्यांचा सल्ला मानणाऱ्याला वर्षाला सुमारे १२ टक्के मिळाले असते, नुसते शेअर धरून बसणाऱ्याला १५.५. हॅमिल्टन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून पुढचेही सांगायला हवे: १९९८ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी हीच नोंद पुन्हा तपासली, तेव्हा पत्करलेली जोखीम हिशेबात धरता त्यांची कामगिरी चांगली निघाली. मंदीची लक्षणे दिसताच त्यांनी बाजारापासून दूर राहायला सांगितले होते. चार्टचा खरा उपयोग मला इथे दिसतो, सावध करण्यात.

१९३३ आणि १९३४ च्या कायद्यांनी अमेरिकी कंपन्यांना हिशेब उघड करायला लावले. आपल्याकडेही शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचे तिमाही निकाल आज कोणालाही फुकट वाचता येतात. चार्ट जरूर पाहावा. पण ते निकाल न उघडता केवळ रेषांवर पैसे लावणाऱ्याने डाऊ यांचे नाव घेऊ नये.