आठ शिलिंगांचे मूल

चाचणीचे गठ्ठे केंद्रशाळेतून आले की आमच्या स्टाफरूममधली भाषा बदलते. आदल्या आठवड्यापर्यंत मुलांना नावे असतात. मग ती 'पक्की', 'काठावरची' आणि 'ती चार' होतात. 'ती चार' कोण, हे कुणी विचारत नाही, सगळ्यांना ठाऊक असते. मी कोकणातल्या एका उर्दू प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. वीसेक वर्षे झाली. ही भाषा मीही बोलते.

बी.एड.ला असताना 'निकालानुसार अनुदान' ही संज्ञा आम्ही दोन गुणांच्या टीपेसाठी पाठ केली होती. परीक्षेला आली, लिहिली, विसरले. ती टीप खरे तर माझ्याबद्दलच होती, हे कळायला फार वर्षे लागली.

गोष्ट इंग्लंडमधली, १८६२ ची. गरिबांच्या प्राथमिक शाळा तिथे बहुतांशी धर्मसंस्था चालवत, सरकार त्यांना मदत देई आणि मदतीचा आकडा दरवर्षी फुगत चालला होता. शिक्षणाचा सरकारी कारभार पाहणारे रॉबर्ट लो यांनी 'सुधारित संहिता' आणली. हिशेब असा: सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग. सहा वर्षांवरचे मूल नियमित येत असेल, तर त्याच्या परीक्षेवर आणखी ८ शिलिंग. वाचन, लेखन, अंकगणित असे तीन विषय. एकात नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. तिन्हींत नापास, तर आठच्या आठ गेले. पायऱ्या सहा, आणि प्रत्येक पायरीला देशभर एकच माप. या पायऱ्यांना त्यांनी 'स्टँडर्ड' म्हटले. आपले पालक आजही "मुलगा कितव्या स्टँडर्डला आहे?" म्हणून विचारतात, तो शब्द तिथला.

लो यांना सरसकट खलनायक करणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांच्या आधी १८६१ मध्ये न्यूकॅसल आयोगाने सांगितले होते की शिक्षक वरच्या वर्गातल्या हुशार मुलांवरच मेहनत घेतात आणि लहान, मागे पडलेली मुले साधे वाचनही न शिकता शाळा सोडतात. म्हणजे प्रत्येक मूल मोजले जावे, हा हेतू वाईट नव्हता. मात्र पार्लमेंटात त्यांनी दिलेले आश्वासन असे होते की ही पद्धत स्वस्त पडली नाही तर कार्यक्षम ठरेल, आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल. स्वस्त पडली खरी. १८६२ साली ८ लाख पौंडांच्या पुढे असलेले अनुदान १८६५ पर्यंत साडेसहा लाखांच्या आत आले.

आणि शाळांचे काय झाले? इतिहास, भूगोल मागे पडले, कारण त्यांना शिलिंग नव्हते. वाचनाचे एकच पुस्तक वर्षभर इतके घोटले जाई की मूल ते न पाहता म्हणू शके. कवी म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू अर्नोल्ड पोटासाठी ३५ वर्षे शाळा-निरीक्षक होते. ते पहिल्याच वर्षापासून या पद्धतीविरुद्ध लिहीत राहिले. त्यांचे म्हणणे साधे होते: परीक्षेत वाचन पास झालेले मूल वाचायला शिकलेलेच असते असे नाही. तपासणीच्या दिवशी गैरहजर मुलाचे पैसे बुडत, म्हणून गोवर-तापातली मुलेसुद्धा वर्गात आणून बसवली जात. हा तपशील लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

ही रीत समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. मुंबई इलाख्यात खासगी शाळांना अनुदान देताना परीक्षेचा निकाल पाहिला जाऊ लागला, आणि 'डिपोटी येणार' या दोन शब्दांनी मास्तरांच्या पोटात गोळा येऊ लागला. १८८२ मध्ये हंटर आयोग बसला. महात्मा फुल्यांनी याच आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली, ते बहुतेकांना माहीत असते. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणावरही स्वतंत्र शिफारशी केल्या, त्या आपल्यातही फारशा कुणी वाचलेल्या नसतात. मुस्लिम प्राथमिक शाळांसाठी वेगळी मापे ठरवावीत, असे त्यात आहे. शिकवण्याचे माध्यम हिंदुस्तानी असावे, पण जिथल्या मुस्लिमांना दुसरी भाषा हवी असेल तिथला अपवाद करावा, असेही आहे. आमच्या कोकणात मूल घरी कोकणी बोलते, शाळेत उर्दू वाचते आणि बाजारात मराठी ऐकते. ते अपवादाचे वाक्य वाचून मी क्षणभर थांबले. एक माप सगळ्यांना बसत नाही, हे आयोगाला कळले होते. आणि त्याच अहवालात प्राथमिक शाळांची मदत मोठ्या प्रमाणात परीक्षेच्या निकालावर ठरवावी, हीही शिफारस आहे!

इंग्लंडने १८९० पासून ही पद्धत मोडीत काढायला घेतली आणि ते दशक संपण्याआधी ती संपवली. आपल्याकडे कर्झन सरकारच्या १९०४ च्या ठरावाने तिच्याकडे पाठ फिरवली. जिथून आणली तिथे ती टाकून दिल्यावरही आपण काही वर्षे वापरत होतो.

आता शिलिंग नाहीत. माझा पगार मुलांच्या गुणांवर कापला जात नाही. पण शाळांची यादी निघते, यादीला रंग असतात, ती ग्रुपवर येते आणि रात्री साडेदहाला सुद्धा पाहिली जाते. सरासरी नावाची गोष्ट शिलिंगपेक्षा विचित्र आहे. शिलिंगच्या हिशेबात गैरहजर मूल म्हणजे तोटा, म्हणून आजारी मूल शाळेत आणत. सरासरीच्या हिशेबात गैरहजर मूल मोजलेच जात नाही. कच्चे मूल घरी राहिले तर आकडा वर जातो.

काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका शाळेत असताना, बाहेरची माणसे चाचणी घ्यायला येणार होती. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. दोन वर्षे मराठी अंगणवाडीत जाऊन तो उर्दूत आला होता. अलिफ-बे ओळखायचा, पण जोडाक्षरात अडकायचा. गोष्ट सांगायला लावली की अख्खा वर्ग त्याच्याकडे वळून बसायचा, पण गोष्ट सांगण्याला कुठे गुण असतात? मला कुणी हुकूम दिला नव्हता. आदल्या संध्याकाळी त्याची अम्मी वाटेत भेटली, तेव्हा मीच म्हणाले, "उद्या त्याला घरीच राहू दे. बाहेरची माणसं येणार आहेत, उगाच घाबरेल." ती म्हणाली, "बरं टीचर." शिक्षिकेच्या शब्दावर तिचा विश्वास होता.

२००५ पासून 'प्रथम' संस्था 'असर' नावाची पाहणी करते. तिचे लोक मुलांना तपासायला घरी जातात, शाळेत नाही. शाळेत न जाणारे, त्या दिवशी न आलेले, सगळे त्यात येतात. एकेका मुलाला समोर बसवून उतारा वाचायला देतात. त्यांनी घरच का निवडले, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

वर्गाची सरासरी चांगली आली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा नेहमीसारखा पहिल्या बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "टीचर, मी काल आजारी नव्हतो." मी त्याला पुस्तक काढायला सांगितले. हजेरीपत्रकात मी आदल्याच दिवशी 'ताप' असे लिहून ठेवले होते.