मुक्त शैक्षणिक साधने आणि सहाध्यायी मंडळे : एक ऐतिहासिक विवेचन

विद्येचे चार पाद कल्पून त्यांपैकी एक आचार्यांकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि उरलेला एक कालक्रमाने प्राप्त होतो, असे एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितात सांगितले आहे. मुक्त शैक्षणिक साधनांचा गेल्या पाव शतकाचा इतिहास पाहू लागल्यास या विभागणीची आठवण होणे साहजिक आहे. आचार्यांची व्याख्याने, टिपणे व ग्रंथ आंतरजालाद्वारे सर्वांना विनामूल्य मिळावेत, ही या चळवळीची पहिली आकांक्षा होती आणि ती पुष्कळ अंशी सफल झाली. परंतु सहाध्यायांकडून मिळावयाच्या पादाचे काय, हा प्रश्न तिच्यापुढे नंतर उभा राहिला. साधन आणि मंडळ ही दोन अंगे एकमेकांवाचून पंगू राहतात, हे या इतिहासावरून कसे दिसून येते, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

ही दोन अंगे एकत्र नांदल्याचे उदाहरण आंतरजालाच्या बरेच पूर्वी स्वीडनमध्ये आढळते. मद्यनिषेध चळवळीतील कार्यकर्ते ओस्कार ओल्सोन यांनी १९०२ मध्ये लुंड या विद्यापीठाच्या नगरीत अभ्यासमंडळ सुरू केले. समान जिज्ञासेचे थोडे लोक नियमाने एकत्र जमत, ग्रंथ वाचून येत आणि त्यावर चर्चा करीत. मंडळास अध्यापक लागत नसे. सभासदांपैकीच एक जण चर्चेचे सूत्र सांभाळी. शाळा लवकर सुटलेल्या श्रमिकांना ही पद्धती सोयीची होती. मात्र ग्रंथ कोठून आणावयाचे, ही अडचण राहिलीच. १९१२ पासून स्वीडनच्या शासनाने अशा मंडळांच्या ग्रंथालयांना अनुदान देण्यास आरंभ केला. त्यातून घेतलेले ग्रंथ इतर लोकांनाही वाचावयास मिळावेत, अशी योजना होती. येथे मंडळ आधी होते आणि सार्वजनिक साधन त्याच्या मागोमाग आले.

आंतरजालाच्या युगात हा क्रम उलटला. १९९८ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड वायली यांनी ‘मुक्त आशय’ ही संज्ञा मांडून तिला अनुरूप असा परवाना तयार केला. कृती इतरांनी वापरावी, बदलावी व पुन्हा वाटावी, हे तत्त्व संगणक-आज्ञावलींच्या क्षेत्रात रूढ झाले होते. ते त्यांनी शैक्षणिक लेखनास लावले. एप्रिल २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या जवळजवळ सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य विनामूल्य प्रसिद्ध करण्याचा संकल्प जाहीर केला. आंतरजालावरील शिक्षणातून संस्थेस अर्थप्राप्ती होईल काय, याचा विचार करीत असताना हा संकल्प पुढे आला, ही गोष्ट लक्षणीय होय. २००२ मध्ये पन्नास अभ्यासक्रमांनी आरंभ होऊन २००७ च्या अखेरीस ही संख्या सुमारे १,८०० वर गेली. मध्यंतरी, जुलै २००२ मध्ये, युनेस्कोने पॅरिस येथे भरविलेल्या परिषदेत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा स्वीकारण्यात आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले.

या उपक्रमाचे मोठेपण मान्य करूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. उपर्युक्त संस्थेने आरंभीच स्पष्ट केले होते की, या साहित्याच्या अध्ययनाने पदवी मिळणार नाही आणि अध्यापकांशी संपर्कही साधता येणार नाही. साहित्य मिळाले, परंतु अडलेल्या विद्यार्थ्याने शंका कोणाला विचारावी? जो विद्यार्थी पूर्वीच सुशिक्षित व स्वावलंबी होता त्याची ही उणीव फारशी जाणवणारी नव्हती. ज्याला साधनांची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ती सर्वांत अधिक जाणवली.

ही उणीव भरून काढण्याचे दोन प्रयत्न येथे नमूद करण्याजोगे आहेत. पहिला २००८ मधील. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांनी चालविलेल्या अभ्यासक्रमास शुल्क देणारे विद्यार्थी सुमारे पंचवीस होते. परंतु आंतरजालावरून २,००० हून अधिक लोक विनामूल्य सहभागी झाले. सहभागी लोक आपापल्या ठिकाणी लेखन करीत, परस्परांचे लेखन वाचीत आणि त्यातूनच अभ्यासाचे साहित्य वाढत जाई. दुसरा प्रयत्न २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘पीअर टू पीअर युनिव्हर्सिटी’ या उपक्रमाचा. प्रसिद्ध झालेली मुक्त साधने घेऊन शिकणाऱ्यांनीच परस्परांना शिकवावे, हा त्याचा हेतू. पुढे २०१५ च्या सुमारास या उपक्रमाने शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी सहकार्य करून तेथे अध्ययनमंडळे चालविली. आंतरजालावरील एखादा विनामूल्य अभ्यासक्रम निवडून लोक आठवड्यातून एकदा ग्रंथालयात एकत्र बसत. सूत्रसंचालक त्या विषयाचा तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नसे. आंतरजालातून निघालेली वाट अशा रीतीने लुंड येथील टेबलापाशी येऊन पोहोचली, असे म्हणावयास हरकत नाही.

मंडळ साधनावर जगते, तसे साधनही मंडळावरच जगते, ही गोष्ट भाषेच्या बाबतीत विशेष स्पष्ट होते. इंग्रजी साधन मराठी विद्यार्थ्यास विनामूल्य मिळाले, तरी ते त्याला सुगम होईलच असे नाही. येथे परवान्याचा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सहा परवान्यांपैकी दोघांत फेरफार केलेली कृती प्रसृत करण्यास मनाई आहे आणि भाषांतर हा फेरफारच मानला जातो. म्हणून अशा परवान्याखालील साधन वाचावयास मोकळे असले, तरी दुसऱ्या भाषेस ते बंदच राहते. युनेस्कोच्या २०१९ मधील शिफारशीत मुक्त साधनांच्या व्याख्येत पुनर्वापराबरोबर अनुकूलन व पुनर्वितरण यांचाही समावेश आहे. त्याचे महत्त्व इतर भाषांच्या दृष्टीने पाहिले म्हणजे ध्यानात येते.

परवानगी मिळाल्यावरही भाषांतर आपोआप होत नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांनी लिहिलेला तो मजकूर आता आंतरजालावर कोणासही वाचता येतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर वाचक स्वतःच लेखक व संशोधक होऊ शकतो. पहिल्यात अधिकाराची हमी आहे. दुसऱ्यात सतत दुरुस्तीची सोय आहे. परिभाषेला या दोहोंची गरज असते. तज्ज्ञ समिती शब्द सुचवू शकते. परंतु ‘आंतरजाल’ टिकेल, ‘महाजाल’ टिकेल की ‘इंटरनेट’च राहील, याचा निर्णय ते शब्द वापरून शिकणारे व शिकविणारे लोकच करतात. वापरणाऱ्यांचे मंडळ नसेल, तर उत्तम परिभाषाकोशही कपाटातच राहतो.

सारांश, साधन प्रसिद्ध करणे हा मुक्त शिक्षणाचा आरंभ होय, पूर्ती नव्हे. एखाद्या महाविद्यालयाने आपली टिपणे आंतरजालावर ठेवली, तर त्याने आचार्यांकडून येणारा पाद विद्यार्थ्याच्या दारापर्यंत आणून पोहोचविला एवढेच सिद्ध होते. त्या टिपणांभोवती चार विद्यार्थी बसतात काय, त्यांतील चूक त्यांना सुधारता येते काय, आणि ती आपल्या बोलीत सांगण्याची त्यांना मुभा आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच तिची खरी योग्यता ठरावयाची आहे.